दूध तोडलेल्या पिल्लांसाठी जाळी की गादी?

सशाची पिल्लं आईपासून वेगळी केल्यावर पुढचे पाच-सहा आठवडे कशावर वाढवायची, यावर पाळणाऱ्यांचे सरळ दोन गट आहेत. एक जाळीच्या तळाचा पिंजरा वापरतो, दुसरा जमिनीवर काडाची किंवा लाकडी भुशाची गादी. निरोगी ससे दोन्हीकडे वाढतात. पण पिल्लू बिघडायला लागलं तर ते कुठे लवकर कळतं, हे बघितलं की पारडी सारखी राहत नाहीत.

या वयात हाताशी वेळच थोडा असतो. दूध तुटलं की दुधातून मिळणारं संरक्षण थांबतं. जठरातलं आम्ल अजून मोठ्या सशाइतकं तीव्र झालेलं नसतं आणि उंडुकातल्या, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीच्या पिशवीतल्या, जिवाणूंची घडी बसायची असते. अशात पिष्टमय खाद्य जास्त पडलं किंवा कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा भार वाढला, की पोट फुगतं, हगवण लागते आणि पिल्लू एक-दोन दिवसांत जातं. वेगळं केल्यानंतरचे पहिले दोन-तीन आठवडे सर्वांत नाजूक.

गादीच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. पिल्लं मनसोक्त पळतात, आडवी होऊन लोळतात, पाय भक्कम होतात. थंडीत एकमेकांना बिलगून उबेत बसतात, खालून वारा लागत नाही. काड चघळायला मिळाल्यामुळे एकमेकांचे केस ओढण्याचं प्रमाणही कमी दिसतं. फक्त कोंबड्यांसारखी महिनोन्‌महिने साठवत नेलेली गादी इथे चालत नाही. ओला कोपरा रोज उचलायचा, आठवड्याला सगळी गादी बदलायची आणि एक तुकडी निघाली की जागा धुऊन, कडक वाळवून, आठ-दहा दिवस रिकामी ठेवायची. कॉक्सिडियाची अंडी लेंडीतून बाहेर पडतात तेव्हा लगेच बाधत नाहीत. ऊब आणि ओल मिळाली की एक ते चार दिवसांत ती बाधक होतात, आणि गादीत नेमकी ऊब आणि ओलच असते. नेहमीच्या जंतुनाशकांना ही अंडी दाद देत नाहीत. उकळतं पाणी, वाफ किंवा ज्वाला लागते, आणि त्यानंतर कोरडेपणा.

हे सगळं मेहनतीने सांभाळता येतं. मला गादीपासून दूर नेलं ते दुसऱ्याच एका त्रासाने: गादीत लेंड्या दिसत नाहीत.

सशाची तब्येत लेंडीत सर्वांत आधी उतरते. पिंजऱ्याखाली ट्रे असेल तर सकाळी एक नजर पुरते. वाटाण्यासारख्या गोल, बोटांनी दाबल्यावर भुगा होणाऱ्या, आत गवताचे तंतू दिसणाऱ्या लेंड्या असतील तर पोट ठीक आहे. त्या बारीक आणि कडक झाल्या, तर पिल्लू कमी खातंय किंवा त्याला पाणी मिळत नाही. अशा वेळी आधी पाणी पिण्याचा निपल दाबून बघावा, पुष्कळदा तोच अडकलेला असतो. एका टोकाला शेपटी फुटल्यासारखी लेंडी, किंवा तिच्यावर शेंबडासारखा चिकट थर दिसला, तर त्याच दिवशी दाणेदार खाद्य बंद करून नुसतं वाळलेलं गवत आणि पाणी ठेवावं. मऊ, चकचकीत, द्राक्षांच्या घडासारख्या लेंड्या ट्रेमध्ये पडून राहिल्या असतील, तर खाद्य जड होतंय. एरवी त्या खाली पडतच नाहीत, ससा त्या थेट गुदद्वारापासूनच खातो. म्हणून जाळीतून खाली पडून त्या सशाला मिळत नाहीत, हा आक्षेप खरा नाही.

गादीवर हे सगळे इशारे काडात मिसळून जातात. कळतं तेव्हा पिल्लू कोपऱ्यात पाठ वाकवून, दात खात बसलेलं असतं आणि मागचा भाग माखलेला असतो. दर दोन दिवसांनी वजन केलं तर यावर मात करता येते. वीस पिल्लांचं वजन इतक्या वेळा करणारे लोक असतीलही, पण काम वाढलं की पहिली टाळाटाळ इथेच होते.

जाळीचे दोषही खरे आहेत आणि बहुतेक वेळा ते चुकीच्या जाळीचे असतात. या वयासाठी १२ × २५ मिमीची वीण आणि साधारण २ मिमी जाड तार हवी. २५ × २५ मिमीच्या चौकोनात लहान पाऊल अडकून मोडतं. पातळ तार झोल खाते आणि तळव्यात रुतते. पिल्लं सोडण्याआधी जुना सुती कपडा जाळीवरून सगळीकडे फिरवावा. धागा जिथे अडकेल, तिथे तळवाही कापेल, तेवढी जागा कानशीने घासून घ्यावी. तळाचा तिसरा हिस्सा तरी भोकं असलेल्या प्लॅस्टिकच्या पाटाने झाकावा. लाकडी फळी मूत्र शोषते आणि कुरतडली जाते. वापरायचीच तर दोन ठेवाव्यात, एक आत आणि एक उन्हात. कोपऱ्यात केस आणि लेंड्या अडकून गठ्ठा होतो, तो ब्रशने रोज काढावा, नाहीतर जाळीचा फायदाच उरत नाही. थंडीत तिन्ही बाजूंना गोणपाट लावावं, वरचा भाग मोकळा ठेवावा.

ट्रेवरून पिंजरा कळतो, पिल्लू नाही. म्हणून ६० × ९० सेंमीच्या पिंजऱ्यात चारच भावंडं ठेवावीत. शंका आली की चौघांचा मागचा भाग बघायला दोन मिनिटं लागतात.

खाद्याचे नियम दोन्हीकडे सारखेच. हलवायची ती आई, पिल्लं काही दिवस जुन्याच जागी राहू द्यावीत. खाद्य पहिले दोन आठवडे तेच ठेवावं, नंतर बदलायचं झाल्यास आठ-दहा दिवसांत थोडं थोडं मिसळत. सुरुवातीला दर पिल्लामागे रोज ४०-५० ग्रॅम दाणेदार खाद्य, पुढे आठवड्यागणिक वाढवत न्यावं. गवत मात्र कायम समोर हवं. भरपेट दाणे दिल्याने वजन लवकर दिसतं, पण हगवणीचं मूळही बहुतेकदा तेच असतं. कोंबडीचं खाद्य देऊ नये, त्यातली काही औषधं सशाला विषारी ठरतात. अ‍ॅमॉक्सिसिलिन, अ‍ॅम्पिसिलिनसारखी प्रतिजैविकं तोंडाने कधीच देऊ नयेत, ती उंडुकातले चांगले जिवाणू मारतात.

दोन-चार पिल्लं घरात, रोज हाताळून वाढवायची असतील किंवा हवा फार थंड असेल, तर गादी निवडण्यात काही गैर नाही. तेवढ्या पिल्लांवर नजर राहते. तरीही गवत भरायचा जाळीदार कप्पा आणि खाद्याचं भांडं गादीवर ठेवू नये. त्या जागी हातभर लांबीचा जाळीचा तुकडा चौकटीवर बसवावा आणि खाली ट्रे सरकवावा. ससे खाता खाताच भरपूर लेंड्या टाकतात, त्यामुळे सकाळी बघायला पुरेशा तिथे मिळतात.