रस्ट कन्व्हर्टर: गंजलेल्या चासीवर कितपत उपयोगी?

स्वस्तात मिळालेल्या जुन्या फोर बाय फोरच्या चासीसाठी, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यासाठी, टॅनिक अ‍ॅसिडवाला रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) घ्यावाच, पण तो गंजाचं काळ्या थरात रूपांतर करतो, गेलेला पत्रा परत आणत नाही. म्हणून आधी हातोडी. स्प्रिंगचे हँगर (स्प्रिंग चासीला धरणारे कंस), बॉडी माउंट (बॉडी चासीला बसते ते आधार) आणि मागचा क्रॉसमेंबर (आडवी पट्टी) ठोकून बघा. आवाज बद्द आला किंवा पोचा पडला, तर तेवढा भाग कापून नवी प्लेट वेल्ड करा. तिथे केमिकल लावणं धोक्याचं आहे.

सुटे पापुद्रे वायर ब्रशने काढा, ग्रीस पुसा, मग ब्रशने दोन पातळ हात द्या. गंज निळसर काळा झाला की काम झालं. चकचकीत लोखंडावर मात्र तो धरत नाही, तिथे थेट इपॉक्सी प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तर थर. कन्व्हर्टर पूर्ण वाळल्यावर त्यावरही प्रायमर आणि रंग हवाच, नाहीतर गंज पुन्हा डोकं वर काढतो.

खरी अडचण चासीच्या बंद पोकळ भागांच्या आत आहे. तिथे ब्रश पोचत नाही. लांब नळीने कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत फवारायचं गंजरोधक मेण) मारा आणि पाणी निघायची भोकं मोकळी ठेवा. गंजलेल्या ब्रेक लाइनवर (ब्रेक ऑइलची नळी) कन्व्हर्टर लावू नका, लाइन बदला.