भंडारदरा की सापुतारा-वघई: नाशिकहून एका दिवसात कुठे?

पावसाळ्यात दिवस एकच असेल, तर आमचं मत भंडारदऱ्याला. नाशिकहून घोटीमार्गे शेंडी (भंडारदरा धरणाजवळचं गाव) साधारण ७० किमी, वाटेत बारीजवळ कळसूबाई (१६४६ मी.) दिसतं, अर्थात ढगांनी दाखवलं तर. खरी मजा शेंडी–रतनवाडी–साम्रद–घाटघर–शेंडी या जलाशयाभोवतीच्या फेरीत. अंतर चाळीसएक किलोमीटरच, पण कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यातला हा रस्ता अरुंद. खड्डे पाण्याखाली लपतात आणि कमी उंचीच्या गाडीचं बूड घासतं. थांबण्यासह तीन-चार तास धरा. टाकी घोटीतच भरा. नाक्यावरच्या शुल्कासाठी रोख ठेवा, पुढे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. घाटघरच्या कड्यावर दुपारनंतर धुकं दाटतं, म्हणून ते आधी उरका. पावसात सांदण दरीत उतरू नका, पाणी अचानक चढतं.

सापुताऱ्याचा रस्ता वणीवरून, ८० किमीच्या आसपास, रुंद आणि सोपा. कुटुंबासह, मोठ्या गाडीने जायचं तर हाच. सापुतारा गाव मात्र शनिवार-रविवारी जत्राच. न थांबता पुढे वघईकडे उतरा, डांगचं सागवान तिथे भेटतं. उतारावर दुसरा गिअर ठेवा. सतत ब्रेक दाबला की तो तापून पकड सोडतो. वघईजवळचा गिरा धबधबा ऑगस्टमध्ये भरून वाहतो, उन्हाळ्यात नाव घेऊ नका. गुजरातेत दारूबंदी आहे, गाडीत बाटली नको.

काजवे पाहायचे असतील, तर मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत पुन्हा भंडारदराच, आणि तेव्हा गाडी थांबवून हेडलाइट बंद.