ऑपरेशननंतर डोळ्यात संसर्ग: फाज की अँटिबायोटिक्स?

फाज म्हणजे जंतूंना मारणारे विषाणू. त्यांच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे, म्हणून ते आधी सांगतो. हे विषाणू नेमका आपला जंतू धरतात, त्याच्यातच वाढतात, बाकीच्या जंतूंच्या वाटेला जात नाहीत. जॉर्जिया देशातल्या तिब्लिसीच्या एलियावा इन्स्टिट्यूटची फाजची परंपरा तर 1923 पासूनची. 2015 मध्ये छापून आलेली एक केस मी पुन्हा पुन्हा वाचली: 65 वर्षांच्या बाई, बुबुळात व्हँकोमायसिन या जोरकस अँटिबायोटिकलाही नीट दाद न देणारा स्टॅफिलोकोकस जंतू. तिब्लिसीत फाजचे उपचार झाले आणि 3 व 6 महिन्यांनी केलेली कल्चर्स (नमुन्यातला जंतू लॅबमध्ये वाढवून बघणं) निगेटिव्ह आली.

तरी आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्याच्या आत संसर्ग झाला, तेव्हा आम्ही अँटिबायोटिक्सच घेतली. कारण एकच, कल्चर.

फाज द्यायचा तर जंतू जिवंत हाती लागावा लागतो. तो वाढवायचा, मग कुठला फाज त्याला मारतो ते बघायचं. आईच्या डोळ्यातला नमुना लॅबला गेला आणि रिपोर्ट आला: ‘नो ग्रोथ’. डोळा लालभडक, नजर धूसर, आणि कागदावर जंतूच नाही! किती चिडचिड झाली सांगू. पण हे नवल नव्हे. अमेरिकेतल्या 1995 च्या मोठ्या अभ्यासातही सुमारे 30 टक्के रुग्णांच्या नमुन्यांत जंतूंची खात्रीलायक वाढ मिळाली नव्हती. मग फाज जुळवायचा कशाशी?

व्हँकोमायसिन आणि सेफ्टाझिडिम मात्र डॉक्टरांनी नमुना घेतानाच डोळ्यात टोचलं होतं. जंतूंचे दोन मोठे गट असतात: एक औषध ग्रॅम पॉझिटिव्ह गटासाठी, दुसरं ग्रॅम निगेटिव्हसाठी. नाव कळायची वाट बघावी लागली नाही. पुढे थेंब फार झोंबायचे, आई वैतागायची. पण नजर बरीचशी वाचली. एका डोळ्याचा अनुभव आहे, तेवढंच त्याचं वजन धरा.

बुबुळावरची जुनी, चिवट जखम असेल, कल्चरमध्ये जंतू स्पष्ट आला असेल आणि एकेक औषध निकामी ठरत असेल, तर मीही तिब्लिसीला मेल टाकेन. डोळ्याच्या आतल्या संसर्गावर फाजचं जे काम मी वाचलं, ते उंदरांवरचं आहे.

त्यामुळे ऑपरेशननंतर दुखणं वाढलं किंवा नजर उतरली, तर त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा आणि ते म्हणतील ते इंजेक्शन घ्या. कल्चरमध्ये जंतू वाढलाच, तर तो जपून ठेवायला लॅबला सांगा. फाजसाठी पुढे तोच लागेल.