बेअरफूट बुटांचे नऊ महिने: बेळगावच्या रस्त्यांवर आणि गावाकडच्या रानात

गेल्या नोव्हेंबरात घेतलेल्या बेअरफूट बुटांचा, म्हणजे अनवाणी चालल्यासारखं वाटावं म्हणून केलेल्या पातळ तळाच्या बुटांचा, तळ आता ऑगस्टात झिजलाय, म्हणून लिहायला बसलो. असे बूट घ्यावेत की नाही असं बेळगाव, खानापूरकडची बरीच ओळखीची मंडळी विचारतात. दोन वाक्यांत उत्तर देता येत नाही.

मी उद्यमबागेत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आठ तास पायात सेफ्टी शूज, पुढं लोखंडी टोपी. चाळिशीत उजवा अंगठा आत वळायला लागला आणि त्याच्या मुळाशी हाड वर आलं. संध्याकाळी मोजे काढले की करंगळी शेजारच्या बोटाखाली दबलेली असायची. फिरायला जायचे बूटही पुढं निमुळतेच होते.

एका रविवारी गावी गेलो तेव्हा बाबा सोप्यात पाय पसरून बसले होते. जन्मभर रानात अनवाणी, बाजाराला जाताना निपाणीची कोल्हापुरी. बोटं पंख्यासारखी पसरलेली, अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात करंगळी मावेल एवढी फट, टाचेच्या भेगांत काळी माती. मी माझा पाय त्यांच्या पायाला लावून ठेवला. घोटा तोच, टाच तीच, चवडा मात्र दुसऱ्याच माणसाचा वाटत होता. बाबा म्हणाले, "तुझी बोटं अशी चेंगरल्यागत का झाल्यात रे?"

घरी येऊन कागदावर पाय ठेवला, पेन्सिलीनं कड ओढली आणि व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी, लावली. चवड्याची रुंदी 103 मिलिमीटर, बुटाचा तळ त्याच जागी 94. नऊ मिलिमीटर कमी जागेत मी रोज पाय कोंबत होतो. त्याच आठवड्यात बूट मागवले. साडेतीन हजार गेले. ऑनलाइन घेणाऱ्यांनी नंबरावर जाऊ नये, असाच पाय कागदावर उतरवून मापं जुळवावीत. माझा पहिला जोड लांबीला बसला आणि करंगळीला घासला. बदलून मिळायला महिना गेला.

या बुटांत तीन गोष्टी असतात. टाच आणि चवडा एकाच पातळीवर, तळ पातळ आणि हातात गुंडाळता येईल इतका मऊ, आणि पुढं बोटं मोकळी राहतील एवढी रुंदी. नेहमीच्या पळायच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण 8 ते 12 मिलिमीटर उंच असते. माझ्या या जोडाचा तळ सुकतळा काढून 5.5 मिलिमीटर भरला, टाचेला तेवढाच आणि चवड्यालाही तेवढाच.

पहिले आठ दिवस पोटऱ्या अशा धरल्या की जिना उतरताना कठडा धरावा लागे. टाच उंच ठेवायची सवय वर्षानुवर्षांची, त्यामुळे टाचेमागची शीर आखडलेली असते. टाच खाली आली की ती ताणते. पण चालण्यातला फरक दुसऱ्याच दिवशी कळला. टाच आपटली की ठोका थेट गुडघ्यात जातो, त्यामुळे पाय आपोआप हलका पडतो आणि पावलं आखूड होतात. पेव्हर ब्लॉकच्या फटी, पहाटेच्या डांबराचा गारवा, खडीचा एकेक खडा तळव्याला कळायला लागला. इतक्या वर्षांत त्याच रस्त्यानं जाऊन मला हे कधी कळलं नव्हतं.

मग वाचायला लागलो. हार्वर्डचे डॅनिएल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली 'नेचर'मध्ये मांडलंय की लहानपणापासून अनवाणी पळणारे बहुतेकदा चवड्यावर किंवा मधल्या तळव्यावर उतरतात, आणि टाच आपटल्यावर बसतो तसा ठोका त्यांना बसत नाही. हे वाचून मी तिसऱ्याच आठवड्यात व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली पाच किलोमीटर पळालो. झकास वाटलं. दोन दिवसांनी परत पळालो. चौथ्या वेळेला दुसऱ्या बोटामागं पायाच्या वरच्या बाजूला टोचायला लागलं, रात्री सूज आली. बोटानं दाबलं की एका नेमक्या जागी कळ.

डॉक्टरांनी एक्स-रे काढला, त्यात काही नव्हतं. हाडावरचा सुरुवातीचा ताण एक्स-रेत दिसत नाही, असं त्यांनी सांगितलं आणि पळणं महिनाभर बंद केलं. नंतर कळलं की हा माझ्या एकट्याचा भोग नाही. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या 2013 च्या अभ्यासात दहा आठवड्यांत असल्या बुटांवर आलेल्या 19 जणांपैकी 10 जणांच्या पायाच्या हाडांत एमआरआयवर सूज वाढलेली दिसली, आणि ते सगळे पळायची सवय असलेले होते. पाच बोटांचे बूट काढणाऱ्या व्हिब्राम कंपनीनं तर पुराव्याविना आरोग्याचे फायदे सांगितल्याचा खटला 2014 मध्ये 37.5 लाख डॉलरवर मिटवला. आरोप कंपनीनं मान्य केले नव्हते. पण विकणारा फायदाच सांगणार, हे मला आधी कळायला हवं होतं.

बाबांचा पाय पहिल्या पावलापासून अनवाणी घडला. माझा पाय वीस वर्षं लोखंडी टोपीत होता. तो तीन आठवड्यांत तयार होईल असं मी धरून चाललो होतो.

जानेवारीत पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. रोज वीस मिनिटं फक्त चालायचं, एक दिवस आड जुने बूट. सकाळी पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वरखाली, बसल्या बसल्या बोटांनी पंचा गोळा करायचा. मार्चमध्ये टिळकवाडीपासून येळ्ळूरच्या वाटेला निम्म्यापर्यंत जाऊन यायला लागलो. मे महिन्यात राजहंसगड चढलो आणि न दुखता उतरलो.

आता काय फरक पडलाय? एका पायावर उभं राहून मोजा घालता येतो, आधी भिंत लागायची. बोटं वेगवेगळी हलतात. ड्यूटीनंतर तळवा जळायचा तो बंद झाला. चवडा 105 भरतो. अंगठ्याचं हाड तसंच आहे. ते आत जात नाही, तशी आशाही कुणी धरू नये, फक्त दुखत नाही. लिव्हरपूल विद्यापीठाच्या 2021 च्या अभ्यासात सहा महिने रोजच्या वावरात असे बूट घालणाऱ्यांच्या पायाची ताकद सरासरी 57 टक्क्यांनी वाढली होती. अभ्यास रोजच्या वावराचा होता, पळण्याचा नव्हता. माझ्या अनुभवाला हेच जुळतं.

आपल्याकडच्या रानात मात्र हे बूट चालत नाहीत. शाळू काढल्यावर रानात धसकटं उभी असतात, विळ्यानं तिरपी कापलेली, सुरीसारखी. फेब्रुवारीत बांधावरून उतरलो आणि बाभळीचा काटा तळातून सरळ आत घुसला. काढला तर अर्धा इंच आत गेलेला, टोक मोडून मांसात राहिलेलं. आत्यानं सुईनं काढलं आणि म्हणाली, "हे बूट हाय का पायमोजं? पैसं देऊन आणलास व्हय हे!" रानात जायचं तर जाड तळच पाहिजे. आणि पावसात शेवाळलेल्या पेव्हरवर माझ्या जोडाचा गुळगुळीत तळ सटकतो. जून-जुलै ते कपाटातच होते.

कोल्हापुरीच का नको, असंही लोक विचारतात. सपाट असते, बोटं मोकळी असतात, आणि तिच्या भौगोलिक मानांकनातल्या आठ जिल्ह्यांत बेळगाव आहेच. गावात हिंडायला मीही तीच घालतो. पण चामड्याचे थर कडक, तळ लवकर वाकत नाही, टाच मोकळी राहते, आणि पावसात ती फुगते.

माझ्या आईला मधुमेह आहे, तिच्या तळव्याला खडा टोचलेला कळत नाही. माझं बघून तिनं हे बूट मागितले. मी साफ नाही म्हटलं. काटा घुसला आणि कळलाच नाही तर जखम चिघळून पाय गमवायची वेळ येते. ज्यांच्या पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आहे त्यांनी या वाटेला जाऊच नये. तिला डॉक्टरांना विचारून मऊ, जाड तळाचे, पुढं रुंद बूट घेतलेत.

सध्या आठवड्यातून चार दिवस संध्याकाळी चालतो, दोन दिवस दोन-दोन किलोमीटर पळतो, त्याहून जास्त अजून नाही. कामावर सेफ्टी शूज आहेतच, पण यंदा एक नंबर मोठे आणि रुंद मागून घेतले. काल तळ परत मोजला: चवड्याला 4.6 मिलिमीटर, डाव्या टाचेच्या बाहेरच्या कडेला 3.8. म्हणजे डावी टाच मी अजून घासतोय. दुसरा जोड दसऱ्याला घेणार आहे, खाचा असलेल्या तळाचा.