क्ष मानावा की आडवी वजाबाकी करावी?

निपाणीत संध्याकाळी मुलांची शिकवणी घेते, तेव्हा ओतण्याच्या गणितांपाशी हा प्रश्न हमखास येतो. म्हशीचं ६ टक्के फॅटचं आणि गाईचं ३.५ टक्क्यांचं दूध मिसळून ४.५ टक्क्यांचं १० लिटर करायचंय. आडवी वजाबाकी, म्हणजे हव्या टक्क्यांपासूनचा फरक काढायचा आणि तो समोरच्या दुधाच्या वाट्याला लावायचा: म्हशीच्या वाट्याला ४.५ − ३.५ = १, गाईच्या वाट्याला ६ − ४.५ = १.५. प्रमाण २:३, म्हणजे म्हशीचं ४ लिटर, गाईचं ६. अर्ध्या मिनिटात उत्तर. म्हशीचं दूध क्ष लिटर मानलं तर ६क्ष + ३.५(१० − क्ष) = ४५; उत्तर तेच, वेळ जास्त. डेअरीवर रोज दूध घालणाऱ्या घरातली पोरं पहिलीच रीत धरतात.

पण एका किटलीत २० लिटर, दुसरीत ८. किती ओतलं की दोन्ही सारख्या होतील? इथे टक्केच नाहीत, आडवी वजाबाकी लागू पडत नाही. क्षच हवा. त्यातही निम्मी मुलं २० − क्ष = ८ लिहितात. मी दोन तांबे समोर ठेवते, पाणी ओतायला लावते. “अगं, इकडचं वाढलं की!” मग आपोआप ८ + क्ष येतं, आणि क्ष = ६.

माझ्या मते आधी क्षच पक्का करावा. आडवी वजाबाकी नंतर, वेळ वाचवायला.