ज्या दगडानं बेल्ट फाडला, त्याचं ठिकाण बघून आलो: सावनेरची खाण सहल

मी 31 वर्षं एका औष्णिक वीज केंद्रात कोल हँडलिंगला होतो. रेक, म्हणजे कोळशाची मालगाडी, आली की टिपलर एकेक वॅगन उलटी करायचा, कोळसा सरकत्या बेल्टवर पडायचा, तिथून कोळसा फोडणारा क्रशर आणि मग साठवणीचा बंकर. 210 मेगावॅटचा एक संच पूर्ण भारावर चालला तर दिवसाला तीन-सव्वातीन हजार टन कोळसा लागतो, म्हणजे जवळजवळ एक अख्खी मालगाडी. एवढा कोळसा डोळ्यांसमोरून गेला, पण तो निघतो ती जागा काही निवृत्त होईपर्यंत पाहिली नव्हती.

वेस्टर्न कोलफिल्ड्सनं, म्हणजे आमच्याकडे सगळे म्हणतात त्या वेकोलिनं, 2016 मध्ये एमटीडीसीशी (महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाशी) करार करून नागपूर जिल्ह्यातली सावनेरची भूमिगत खाण आणि गोंडेगावची खुली खाण लोकांना दाखवायला सुरुवात केली. यंदा जानेवारीत मी, आमच्या सौभाग्यवती, मुलगी आणि 11 वर्षांचा नातू असे गेलो. नागपूरहून ठरवलेला गाडीवाला तासभर उशिरा आला, त्यामुळे सावनेरला तर्री-पोहे उभ्या उभ्याच खाल्ले. घाई नसेल तर तुम्ही बसून खा.

आधी इको पार्क आहे. झाडं, हिरवळ आणि खाणकामाच्या प्रतिकृती. नातू तिथेच आजीबरोबर थांबला, कारण 18 वर्षांखालच्या कुणालाही खाणीत नेता येत नाही, कायदाच तसा आहे. लहान मुलं बरोबर असतील तर मोठ्या माणसांपैकी एकाला वर थांबावं लागेल, हे घरूनच ठरवून जा.

खाली उतरण्याआधी मोबाइल, काडेपेटी, लायटर सगळं वर ठेवायचं. डोक्यावर टोपी, टोपीला दिवा, पायात बूट, कमरेच्या पट्ट्याला बॅटरी आणि सेल्फ रेस्क्यूअर. खाली विषारी वायू झाला तर नाका-तोंडाला लावून बाहेर पडण्यापुरता श्वास देणारा तो डबा आहे. तो कसा उघडायचा हे आमच्याबरोबरच्या ओव्हरमन साहेबांनी (खाणीतल्या कामावर देखरेख करणारे) दोनदा करून दाखवलं आणि मग प्रत्येकाकडून एकदा म्हणवून घेतलं. हे मला फार आवडलं. सुरक्षेची माहिती उरकून टाकणारे लोक मी आयुष्यभर पाहिलेत.

खाली कोंदट वाटेल असं धरून गेलो होतो. उलट अंगावर सतत वारा. पृष्ठभागावरचा मोठा पंखा एका बाजूनं हवा ओढतो, म्हणून दुसरीकडून ताजी हवा आत येत राहते. दुसरी गंमत म्हणजे कोळशाच्या खाणीतल्या भिंती पांढऱ्या! कोळशाची बारीक धूळ पेटली तर तिचा स्फोट होतो, म्हणून भिंतींवर आणि जमिनीवर दगडाची पूड मारतात. आमच्या बंकरमध्येही धुळीची भीती असायची, पण आम्ही पाणी मारायचो. दगडाच्या पुडीचं मला माहीतच नव्हतं.

कोळसा सगळा काढत नाहीत. मधे मधे कोळशाचेच जाडजूड खांब ठेवतात आणि त्यांच्यामधल्या बोळांतून काम चालतं. वरच्या छतात लांब लांब बोल्ट ठोकलेले असतात. साहेबांच्या हातात काठी होती. चालता चालता थांबले आणि छतावर काठी आपटली. टण्ण. चार पावलं पुढे गेले, पुन्हा टण्ण. म्हणाले, "काका, हा आवाज घट्ट आहे. 'भद्द' असा पोकळ आला, की माणसं मागे घ्यायची. वरचा थर सुटलेला असतो."

मी उभाच राहिलो. पावसाळ्यात ओला कोळसा चुटमध्ये, म्हणजे तो खाली सोडणाऱ्या पत्र्याच्या नळीत, अडकला की आम्हीही हातोडीनं पत्रा ठोकून आवाजावरून ओळखायचो, कुठं भरलंय आणि कुठं रिकामं आहे. पण आमच्या आवाजावर बेल्ट थांबायचा. इथं त्या आवाजावर माणूस वर येणार की नाही हे ठरतं.

मी दिवा वर केला. कोळशाच्या वर राखाडी, पापुद्र्यांचा दगड. शेल. तो बघताच ओळखला. 2003 च्या पावसाळ्यात रात्रपाळीला असाच एक चपटा दगड कोळशातून आला, क्रशरपाशी अडकला आणि बेल्ट उभा फाटला. सकाळपर्यंत आम्ही सहा जण चिखलात. कोळसा कुठल्या खाणीचा होता ते कधी कळलं नाही, पण खाणवाल्यांना आम्ही त्या रात्री काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्याचा एक तुकडा मी घरी आणला होता, कारण त्यावर पानाचा ठसा होता: जिभेसारखं लांब पान, मधे शीर. पुढे मुलीच्या कॉलेजच्या सरांनी सांगितलं, हे ग्लॉसोप्टेरिस, 25 कोटींहून जास्त वर्षांपूर्वीच्या झाडाचं पान.

तुकडा मी पिशवीत घालून नेला होता. वर आल्यावर साहेबांना दाखवला. त्यांनी उलटासुलटा केला आणि म्हणाले, "हे छप्पर आहे काका. आमच्या डोक्यावरचं." वीस वर्षं ज्याला भेसळ म्हणत आलो, ते हे. मी त्यांची माफी मागितली. त्यांना आधी कळलंच नाही कशाबद्दल.

साहेब मूळचे परासियाकडचे, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातले. वेकोलिच्या पेंच आणि कन्हान इथल्या खाणी तिकडेच आहेत, पाथाखेडाच्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यात. त्यांच्या आजोबांच्या वेळी खाणी खासगी मालकांच्या होत्या. परासियाच्याच भागातल्या न्यूटन चिखली खाणीत 10 डिसेंबर 1954 ला पाणी घुसून 63 कामगार गेले. साहेब म्हणाले, घरात ती तारीख अजून पाळतात. 1973 मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं, 1975 मध्ये वेकोलिची पालक कंपनी कोल इंडिया उभी राहिली. सरकारी कंपनी म्हटलं की लोक नाक मुरडतात. पण पगार, पेन्शन, दवाखाना आणि छप्पर वाजवून बघायला नेमलेला माणूस, हे सगळं कामगाराच्या हक्काचं झालं ते याच काळात, असं माझं ठाम मत आहे.

गोंडेगावबद्दल थोडक्यात. वरून बघताना पायऱ्यापायऱ्यांची प्रचंड विहीर दिसते, तळाशी काळा पट्टा आणि त्यावर खेळण्यासारखे डंपर. खरं राष्ट्रीय उत्पादन मात्र अशाच ठिकाणी होतं. कोल इंडियानं 2023-24 मध्ये 77 कोटी टनांहून जास्त कोळसा काढला, त्यातले 95 टक्क्यांहून जास्त खुल्या खाणींतून. वेकोलिचा वाटा 6.9 कोटी टनांच्या आसपास. कोळशावरची माती-दगड काढताना निघालेली वाळू घरकुलांना दिली जाते, हे ऐकून बरं वाटलं. खाणीतलं पाणी शुद्ध करून पाटणसावंगीला बाटलीबंद करतात, नाव 'कोल नीर'. प्यायलो. चव साध्या पाण्याची, आणि तेच हवं.

माझी बहीण चंद्रपूरला असते, त्यामुळे नुसतं कौतुक करून थांबणं मला जमणार नाही. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांची यादी केली, त्यात चंद्रपूर चौथं होतं. तिच्या गच्चीवर पापड वाळत घालता येत नाहीत. त्यातली राख आमच्यासारख्या केंद्रांची आणि धूळ खाणींची, दोन्ही धरून. सहलीत खाण दाखवता, तसं एखादं वीज केंद्र आणि त्याचं राखेचं तळंही दाखवा, अशी माझी मनापासून मागणी आहे. बटण दाबल्यावर काय काय हलतं ते पोरांना तेव्हा पूर्ण कळेल.

गुडघे दुखत असतील तर खालची चाल विचारूनच ठरवा. मोजे जाड घाला. उन्हाळ्यात गोंडेगाव नको, थंडीत जा. परतीला आदाशाचा गणपती वाटेत आहे, त्यालाही वेळ ठेवा.

आमच्या जुन्या शिफ्टमधले चौघे अजून धडधाकट आहेत. दिवाळीनंतर त्यांना घेऊन पुन्हा जातोय. त्या रात्री क्रशरवर जो होता, त्याला काठीचा आवाज ऐकवायचा आहे.