इक्विलॅब: गणित चोख, रेंज मात्र तुमची
विंडोजवरचं हे पोकरचं मोफत इक्विटी (जिंकण्याची शक्यता, टक्क्यांत) कॅल्क्युलेटर. सुरुवातीच्या दोन पत्त्यांच्या १६९ हातांच्या चौकटीत समोरच्याची रेंज (त्याच्याकडे असू शकतील ते हात) रंगवा, बोर्ड (टेबलावरचे सामाईक पत्ते) भरा, टक्के हजर. कॉल (समोरच्याच्या बेटइतके पैसे भरणं) परवडतो का, ते आपण काढायचं: पॉट (मध्ये जमलेले पैसे) १००, बेट ५०, आपला कॉल ५०, तर ५० भागिले २००, म्हणजे निदान २५ टक्के हवेत.

घोळ इथेच होतो. फ्लॉपवर (पहिले तीन सामाईक पत्ते) फ्लश ड्रॉला (एकाच चिन्हाचे चार पत्ते, पाचवा हवा) एका जोडीविरुद्ध साधारण ३५ टक्के दिसतात, पण टर्न आणि रिव्हर (चौथा आणि पाचवा सामाईक पत्ता) दोन्ही पाहायला मिळाले तरच. टर्नवर पुन्हा बेट आली की उरतात न दिसलेल्या ४६ पत्त्यांत कामाचे ९, जेमतेम १९.६ टक्के. ऑल-इन (सगळे पैसे लावलेले) नसेल तर ३५ वर विसंबू नका.

स्लायडरने ‘टॉप २० टक्के’ हात निवडणं निव्वळ आळस. रिव्हरवर मोठी बेट लावणाऱ्याची रेंज इतकी सरळ नसते. बोर्डवर एक्का असला की एक्का-राजाचे कॉम्बो (शक्य जुळण्या) १६ वरून १२ होतात, ही वजाबाकी मात्र इक्विलॅब आपोआप करतं.